हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील सीआरपी वाढलेला असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत आणि कळंब तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. जानेवारीत एका पहाटे साडेतीनच्या सुमारास त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. आदल्या संध्याकाळी शेतात हुरडा खाल्ला होता, त्यामुळे पित्त झाले असेल असे समजून आईने त्यांना थंड दूध दिले आणि उजाडल्यावर मी दुकानातून पित्ताची गोळी आणली. साडेनऊला त्यांना दरदरून घाम सुटला, तेव्हा आम्ही गाडी काढली. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात ईसीजीचे यंत्र होते, पण त्याचा कागद संपलेला होता. लातूरला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. तिथे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली.

आता ते घरी आहेत, हिंडतात-फिरतात. परंतु फाइल चाळताना काही आकडे मला अस्वस्थ करतात. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी १४,२०० होत्या, त्यांत न्यूट्रोफिल ८२ टक्के आणि लिम्फोसाइट ११ टक्के. तिसऱ्या दिवशी सीआरपी (इजा किंवा संसर्ग झाला की रक्तात वाढणारे प्रथिन) ९४ होता. घरी सोडताना केलेल्या इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के आली. सहा आठवड्यांनी आम्ही स्वतःहून एका प्रयोगशाळेत एचएस-सीआरपी करून घेतला, तो ४.१ आला. माझा मावसभाऊ औषधांच्या दुकानात काम करतो. त्याने मोबाइलवर तक्ता पाहून सांगितले की, ‘तीनच्या वर म्हणजे धोका, आणि काकांचा तर ९४ होता, त्यांच्या रक्तात सूज आहे, दुसरा झटका ठरलेला आहे.’ आई त्या दिवसापासून रात्री झोपत नाही. डॉक्टरांना विचारले, पण बाहेर साठ-सत्तर माणसे थांबलेली होती, त्यामुळे ‘त्याचे आता काही नाही, गोळ्या चालू ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले.

या आकड्यांवरून पुढचे खरोखर काही सांगता येते का? येत असेल, तर आम्ही काय करावे?

रक्तनमुना | रविवार, रात्री १०.१५

मी लातूरमध्ये पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. अर्थ डॉक्टर सांगतील, मी फक्त मोजण्याविषयी लिहितो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

सीआरपी आणि एचएस-सीआरपी ही दोन वेगळी द्रव्ये नाहीत. प्रथिन एकच आहे. साध्या चाचणीने मोठी वाढ कळते, तर एचएस म्हणजे अतिसंवेदनशील पद्धतीने १ मिलिग्रॅमच्या आसपासचे बारीक फरकही कळतात. तुमच्या मावसभावाने पाहिलेला तक्ता एचएस चाचणीचा आहे. एक लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, ही विभागणी अमेरिकेत २००३ मध्ये ठरली आणि ती ज्याची तब्येत त्या वेळी स्थिर आहे अशा माणसासाठी आहे. झटक्याच्या तिसऱ्या दिवशीचा ९४ त्या तक्त्याला लावणे म्हणजे पाऊस चालू असताना विहिरीची उन्हाळी पातळी मोजायला जाणे होय. त्याच मार्गदर्शनात असेही म्हटले आहे की, आकडा १० च्या वर आला तर आधी संसर्ग किंवा दुखापत आहे का हे शोधावे आणि दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

दुसरी गोष्ट एककाची. काही प्रयोगशाळा लिटरमागे मिलिग्रॅम छापतात, तर काही डेसिलिटरमागे. ९.४ आणि ९४ हे एकच मूल्य असू शकते. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘दहापट वाढला’ म्हणून घाबरलेली माणसे मी काउंटरवर पाहिली आहेत. आकड्याच्या पुढे काय छापले आहे, ते आधी वाचावे.

तालुक्याचा डॉक्टर | सोमवार, सकाळी ७.०५

मांजराकाठ, आधी आईंना सांगा की दुसरा झटका ‘ठरलेला’ आहे असे कोणत्याही रक्ततपासणीवरून म्हणता येत नाही.

आता ९४ कुठून आला ते पाहू. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या पुढचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. मेलेल्या पेशींमधून बाहेर पडणारे घटक शरीराला जखमेची वर्दी देतात. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. नंतर मोनोसाइट येतात, मृत भाग साफ करतात आणि पुढे तिथे व्रण धरू लागतो. या धावपळीत इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेशवाहक रक्तात उतरतो आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी तयार करते. म्हणजे सीआरपी हृदयात बनत नाही, यकृतात बनतो. पहिल्या सहा तासांनंतर तो चढू लागतो, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान शिखर गाठतो आणि कारण ओसरले की उतरतो, कारण रक्तात त्याचे अर्धे प्रमाण साधारण १९ तासांत नाहीसे होते. तुमच्या वडिलांचा नमुना ऐन शिखराच्या वेळी घेतलेला आहे.

पेशींचेही तसेच. ८२ ला ११ ने भागले की साडेसातच्या जवळ येते. यालाच न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर किंवा एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात ते बहुधा १ ते ३ असते. झटक्यात न्यूट्रोफिल वाढतात, आणि ताणामुळे वाढलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाने लिम्फोसाइट घटतात, म्हणून दोन्ही बाजूंनी गुणोत्तर फुगते. साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, वेगळा पैसा न भरता हे कळते, म्हणून आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतही ते काढता येते. मोठ्या झटक्याच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांत ज्यांचे गुणोत्तर जास्त होते, त्यांच्यात मृत्यू आणि हृदय कमजोर होण्याचे प्रमाण अधिक आढळले. परंतु ‘जास्त’ म्हणजे किती, याची रेषा प्रत्येक अभ्यासाने वेगळी ओढलेली आहे. त्यामुळे एका रुग्णापुरता त्यावरून निकाल देऊ नये. माझे मत विचाराल, तर घरी आल्यावर या आकड्यांकडे दुर्लक्षच करावे.

वसुधा | सोमवार, सकाळी ११.३०

डॉक्टरसाहेब, आपले शेवटचे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे मी सविस्तर सांगणार आहे.

माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी झटका आला. आम्ही तेव्हा परभणीत होतो. वेळेत पोहोचलो, स्टेंट बसला, सगळे ठीक झाले असे सांगितले. सीआरपी तिसऱ्या दिवशी ७० च्या आसपास होता, चौथ्या दिवशी ४५ झाला आणि पाचव्या दिवशी ११० वर गेला. मी विज्ञान शिकवते, म्हणून मला एवढे कळत होते की उतरणारी गोष्ट परत चढली, तर त्याला काही कारण असले पाहिजे. मी दोनदा विचारले. ‘झटक्यानंतर वाढतोच’ असे उत्तर मिळाले. त्यांना छातीत संसर्ग झाला होता. तो कळला तेव्हा त्यांना श्वास घ्यायला यंत्र लागले होते, आणि नवव्या दिवशी ते गेले.

मी कोणाचे नाव घेणार नाही. तो दवाखाना प्रामाणिकपणे काम करणारा होता आणि त्या रात्री तिथे एकच निवासी डॉक्टर जागा होता. परंतु ‘त्या आकड्याचे काही नाही’ हे वाक्य मला आजही सहन होत नाही. एकच आकडा पाहून घाबरू नये, हे खरे. पण तो आकडा कुठल्या दिशेने चालला आहे, हे तरी कोणीतरी पाहायला हवे होते.

तालुक्याचा डॉक्टर | सोमवार, दुपारी २.५०

ताई, आपण सांगितले ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आपले म्हणणे योग्य आहे आणि माझे वाक्य मी दुरुस्त करतो.

रुग्णालयात असताना सीआरपीची दिशा महत्त्वाची असते. एकदा उतरू लागलेला सीआरपी पुन्हा चढला, तर फुप्फुसाचा, लघवीचा किंवा सुईच्या जागेचा संसर्ग शोधलाच पाहिजे. क्वचित हृदयाच्या आवरणाचा दाहही असू शकतो. मला म्हणायचे होते ते घरी आल्यानंतर, जुन्या फाइलमधील शिखराच्या आकड्याविषयी.

शिखराचा आकडाही निरर्थक नसतो. जितका जास्त स्नायू मेला, तितका सीआरपी साधारणपणे उंच जातो, आणि ज्यांचा तो फार उंच जातो, त्यांच्यात पुढच्या दिवसांत व महिन्यांत हृदय निकामी होण्याचे व मृत्यूचे प्रमाण जास्त दिसते. असे असूनही आम्ही अतिदक्षता विभागात धोका मोजतो, तेव्हा त्यात सीआरपी धरत नाही. ग्रेस नावाची मोजपट्टी वय, नाडीचा वेग, वरचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, ईसीजीतील बदल, हृदयाच्या स्नायूतून रक्तात उतरणारी ट्रोपोनिनसारखी द्रव्ये, दाखल होताना हृदय बंद पडले होते का आणि किलिप वर्ग, एवढ्यांवर चालते. किलिप वर्ग म्हणजे १९६७ मध्ये सुचवलेली चार पायऱ्यांची विभागणी. फुप्फुसात पाणी साचल्याचा आवाज येतो का, हे स्टेथोस्कोपने ऐकून आणि रक्तदाब पाहून ती करता येते. या सर्वांच्या जोडीला सीआरपी घेतला, तर अंदाजात थोडी भर पडते, पण हे सगळे सोडून एकटा सीआरपी घेतला, तर फार कमी हाती लागते.

संख्याशास्त्र | सोमवार, रात्री ८.२०

मी नांदेडला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या मोठ्या भावाला झटका आला, तेव्हापासून या विषयावरचे जे मिळेल ते वाचत आलो आहे. या धाग्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळत आहेत, असे मला वाटते. आकडा पुढचे सांगतो का, हा एक प्रश्न. आणि आकडा खाली आणला तर पुढचे टळते का, हा दुसरा.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस यांनी तो लावला. हृदयाशी त्याचा संबंध ठळकपणे पुढे आला तो १९९० च्या दशकात. १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधक पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, वरकरणी निरोगी पुरुषांमध्येही ज्यांचा सीआरपी आधीपासून जास्त होता, त्यांना पुढे झटका येण्याचे प्रमाण अधिक होते. २००५ मध्ये झटक्यातून उठलेल्या रुग्णांवरील अभ्यासात असे दिसले की, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन घेत असताना ज्यांचा सीआरपी २ च्या खाली गेला, ते बरे राहिले, मग त्यांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कितीही असो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, सांगतो’ असे आहे, परंतु समूहापुरते. शंभर माणसांच्या गटाविषयी जे खरे आहे, ते त्यातल्या एका माणसाच्या ललाटी लिहिलेले नसते. मांजराकाठ यांच्या मावसभावाची चूक नेमकी इथे झाली.

दुसऱ्या प्रश्नासाठी जायकवाडीचे उदाहरण घ्यावेसे वाटते. दर पावसाळ्यात आपण सर्व जण धरण किती टक्के भरले, हे रोज पाहतो. भिंतीवरच्या मोजपट्टीवरचा आकडा खरा असतो, त्यावर पिकांचे आणि पिण्याच्या पाण्याचे नियोजन होते. पण पट्टी वर-खाली सरकवल्याने धरणात पाणी येत नाही. सीआरपी हा पाण्यासारखा आहे की पट्टीसारखा, हे तपासण्याचा एक सुंदर मार्ग निघाला. काही माणसांच्या जनुकांतच असा फरक असतो की, त्यांचा सीआरपी जन्मभर थोडा जास्त राहतो. सीआरपी स्वतः अपाय करत असता, तर अशा माणसांना झटके जास्त यायला हवे होते. २०११ मध्ये सुमारे १ लाख ९४ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा तसे आढळले नाही. म्हणजे सीआरपी ही पट्टी आहे. त्याउलट इंटरल्यूकिन-६ पेशीवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतो, त्या ग्राहकाच्या जनुकातील फरकाचा मात्र हृदयविकाराशी संबंध २०१२ मध्ये दिसला. पाणी वरच्या अंगाला, म्हणजे सीआरपी वाढवणाऱ्या संदेशात आहे.

परळीकर | सोमवार, रात्री ९.१०

सर, मोजपट्टीचे उदाहरण पटले. मग वरच्या अंगाचे पाणी अडवणारे औषध आहे का?

संख्याशास्त्र | सोमवार, रात्री १०.३५

प्रयत्न झाले, आणि त्यांची गोष्ट सरळ नाही.

२०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशाला अडवते. १५० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन महिन्यांनी घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सर्व मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हा नुसता साक्षीदार नाही, हे त्यातून प्रथमच माणसांमध्ये सिद्ध झाले. पण त्याच रुग्णांत जिवावर बेतणारे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पुढे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे स्वस्त औषध ४,७८६ रुग्णांत अल्प मात्रेत वापरून पाहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग आले कोल्चिसिन, गाऊट या सांधेदुखीवरचे जुने औषध. २०१९ च्या अभ्यासात झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत ते सुरू केलेल्यांत पुढचे त्रास ७.१ टक्क्यांऐवजी ५.५ टक्के रुग्णांना झाले. २०२० मध्ये स्थिर हृदयरुग्णांतही फायदा दिसला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेने ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीला हृदयरोगासाठी मान्यता दिली. परंतु २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांचा, कोल्चिसिनच्या या आधीच्या अभ्यासांहून मोठा अभ्यास आला. त्यात झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन दिले होते आणि सीआरपी कमी झालाही, तरी झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. आकडा उतरला, पण माणसांच्या नशिबात फरक पडला नाही. माझ्या वाचनात आलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. वर्गात मुलांना परस्परसंबंध आणि कारण यांतला फरक सांगताना मी आता हेच उदाहरण देतो.

परळीकर | मंगळवार, सकाळी ६.५०

माझ्या सासऱ्यांना एका परिचिताने कोल्चिसिन घ्या म्हणून सुचवले होते आणि गोळ्या आणूनही ठेवल्या आहेत. विचारले ते बरे झाले.

तालुक्याचा डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७.२५

त्या गोळ्या आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर कोल्चिसिन अंगात साठते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर घेतले तर प्राणावरही बेतू शकते. जुलाब तर अनेकांना होतात. ठरावीक रुग्णाला विचारपूर्वक देण्याचे हे औषध आहे.

औंढ्याची लेक | मंगळवार, दुपारी १२.४०

माझा अनुभव औषधाविषयीच आहे, पण त्याची सुरुवात एका शब्दापासून झाली. माझ्या वडिलांच्या अहवालाबद्दल कोणीतरी ‘रक्तात सूज आहे’ असे सांगितले. आमच्याकडे सूज म्हटली की गुडघ्याची, आणि गुडघ्याच्या सुजेवर डायक्लोफिनॅक, हे घरोघरी ठाऊक आहे. वडिलांनी कोणाला न विचारता, सूज उतरावी म्हणून, बारा दिवस सकाळ-संध्याकाळ ती गोळी घेतली. त्यांच्या पायांवर खरोखरची सूज आली, रात्री आडवे झाले की दम लागू लागला आणि शौच काळे होऊ लागले. त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला रागावले नाही, मात्र ‘ही सूज ती नव्हे’ असे तीनदा सांगितले.

तालुक्याचा डॉक्टर | मंगळवार, दुपारी १.१५

हा प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या झटका येऊन गेलेल्या माणसाने टाळायच्या असतात. त्यांनी मीठ-पाणी अंगात साठते, हृदयावर भार येतो, पुन्हा झटक्याचा धोका वाढतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना पोटात रक्तस्राव होतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही अडथळा आणते. शिवाय मेलेला स्नायू साफ करून तिथे व्रण धरण्यासाठी शरीराला हा दाह काही दिवस हवाच असतो. तो पूर्ण दाबून टाकणे हा उपचार नाही.

रक्तनमुना | मंगळवार, दुपारी ३.००

शब्दाचा मुद्दा फार महत्त्वाचा निघाला. मी स्वतः काउंटरवर ‘रक्तात सूज दाखवतेय’ असे बोलून गेलो आहे. आजपासून ‘दाह’ म्हणेन.

वसुधा | मंगळवार, दुपारी ४.२०

पाठ्यपुस्तकांतही ‘दाह’ हाच शब्द आहे. परंतु आपल्या बोलीत दाह म्हणजे आग, जळजळ, आणि छातीतली जळजळ म्हणजे पित्त. या धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातही ‘छातीत जळजळ’ हेच शब्द आले आहेत, आणि त्यांच्यावर विसंबल्यामुळे मांजराकाठ यांचे आठ तास गेले. शब्द बदलून सर्व काही साधणार नाही. कळ छातीत आहे, घाम आहे, वय चाळिशीपुढचे आहे, तर ईसीजी काढा, हे सांगायला कोणताही शब्द चालेल.

टोळीवाला | मंगळवार, रात्री ८.४५

ताईंनी तासांचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात आहे आणि वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. मी लहानपणी सहा-सहा महिने फडात राहिलो आहे. पहाटे चारला तोडणी सुरू होते, थंडी मरणाची असते, आणि अशा वेळी कोणाच्या छातीत कळ आली, तर तो आधी तंबाखूची चिमूट लावतो, मग मोळी बांधून होईपर्यंत थांबतो, कारण कोयत्याची उचल फिटायची असते. माझे चुलते ४६ व्या वर्षी असेच बैलगाडीजवळ बसले. फडापासून कारखान्याचे गाव १४ किलोमीटरवर होते. त्यांची सीआरपीची तपासणी झालीच नाही, कारण तिथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. तुम्ही सर्व जण जी चर्चा करत आहात ती मी मन लावून वाचतो आहे. परंतु आकडे फाइलमध्ये येण्याच्या आधीच आमची माणसे जातात, हे इथे नोंदवले जावे, असे मला वाटते.

तालुक्याचा डॉक्टर | मंगळवार, रात्री १०.०५

आपण ते नोंदवले, हे फार चांगले झाले, कारण मला त्यातूनच मूळ प्रश्नाचे उत्तर दिसते.

भारतातील ८९ रुग्णालयांतील सुमारे २१ हजार रुग्णांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ त्यात ३६० मिनिटे होता, म्हणजे निम्मे रुग्ण सहा तासांनंतर आले. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतर देशांच्या तुलनेत पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही एका मोठ्या अभ्यासातून माहीत आहे. आपल्याकडे निम्म्या रुग्णांना तो ५३ वर्षांच्या आतच आलेला होता. वाहिनी बंद राहिलेला प्रत्येक तास थोडा-थोडा स्नायू घेऊन जातो. वाहिनी लवकर उघडली की सीआरपीचे शिखर बुटके राहते, उशीर झाला की ते उंचावते.

म्हणून मांजराकाठ, तुमच्या फाइलमधील ९४ मध्ये पहाटे साडेतीन ते दुपारी साडेअकरा हे आठ तास लिहिलेले आहेत. थंड दूध, पित्ताची गोळी, ईसीजीचा संपलेला कागद, सगळे त्यात आहे. तो आकडा मागचे सांगतो. पुढचे बरेचसे तुमच्या वडिलांच्या पंपिंग क्षमतेवर, मधुमेह-रक्तदाबावर, एलडीएलवर, तंबाखूवर आणि गोळ्या एकही दिवस न चुकण्यावर ठरेल. सहा आठवड्यांनंतरचा ४.१ ही वेगळी बाब आहे. तो किंचित जास्त आहे आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. तपासणीच्या वेळी सर्दी-ताप होता का? हिरड्या किंवा दात दुखतात का? पायाला जखम आहे का?

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ८.३०

सर्वांचे वाचून रात्री आईला शेजारी बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वसुधाताईंच्या प्रतिसादापाशी ती थांबायला सांगून देवघरात जाऊन आली. टोळीवाला यांचेही तिने ऐकून घेतले आणि नंतर म्हणाली, ‘आपला माणूस पोहोचला तरी.’

डॉक्टरसाहेब, दाताचे आपण बरोबर ओळखले. खालची दाढ किडलेली आहे आणि हिरडीत पू आहे. रक्त दिले, त्या आठवड्यात गाल सुजलेला होता, हे आम्ही कोणालाच सांगितले नव्हते.

तालुक्याचा डॉक्टर | बुधवार, सकाळी ९.००

मग ४.१ मध्ये त्या दाढेचा वाटा असणार. तिचा उपचार करा. मात्र दाढ काढण्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट नवा असताना त्या थांबवल्या, तर त्यात गुठळी होऊ शकते. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलायला लावा.

मांजराकाठ | पंचवीस दिवसांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१५

धागा वर काढतो आहे, कारण अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले होते.

दाढेचा उपचार गोळ्या चालू ठेवूनच झाला. त्यानंतर दोन आठवडे थांबून, सर्दी-ताप नसताना, त्याच प्रयोगशाळेत एचएस-सीआरपी केला. एकक पाहून घेतले. २.६ आला. कमी झाला आहे, पण २ च्या वरच आहे. या वेळी आम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे प्रश्न कागदावर लिहून नेले, आणि गर्दी तेवढीच असतानाही त्यांनी दहा मिनिटे दिली. त्यांनी सांगितले की, हा आकडा सारखा तपासत बसू नका. एलडीएल ७४ आहे, तो ५५ च्या खाली हवा, म्हणून ॲटोर्व्हास्टॅटिनच्या जोडीला एझेटिमाइब देतो. कोल्चिसिनची सध्या गरज नाही. इकोमध्ये पंपिंग ४० वरून ४५ झाले आहे.

मग त्यांनी वडिलांना विचारले, ‘तंबाखू सुटली?’ वडील ‘सुटली’ म्हणाले. परवा पंपाच्या कोठीत पान्हा शोधताना मला पत्र्याच्या डबीत चुना आणि पुडी सापडली. मी अजून त्यांना काही बोललेलो नाही. चाळीस वर्षांची सवय आहे आणि त्यांना दुखवायचे नाही, पण २.६ मधला काही भाग त्या डबीत असू शकतो, असे मला आता वाटते. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची तंबाखू सोडवली आहे, त्यांनी ती कशी सोडवली, हे कृपया इथेच लिहावे.

टोळीवाला | रविवार, सायंकाळी ७.००

माझ्या वडिलांची सुटली आहे, पण चार वेळा सुटून. रात्री सविस्तर लिहितो. तोपर्यंत डबी होती तिथेच ठेवा आणि त्यांना एकट्याला गाठून बोला, आईसमोर नको.